पुडी फाटली नाही

त्या बुधवारी शुभंकरनं तबल्याची खोळ काढली, तबला चुंबळीवर बसवला, किनारीवर सहज एक 'ना' वाजवला, आणि जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं मला झालं. तबला चढलेला होता. फार नाही, अर्धा सूर. मी पांढरी पाचमध्ये गाते, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा माझा सा. आणि शुभंकरचा हा तबला गेली दोन वर्षं त्याच सुरात लागलेला असतो. आज तो शेजारच्या काळ्या पट्टीवरून, काळी चारवरून, बोलत होता. माझ्या मोबाइलवर तानपुरा पांढरी पाचमध्येच घुमत होता आणि त्या दोघांच्या मध्ये, भातात वाळूचा कण यावा तशी करकर होती. खालच्या आळीतल्या राजश्रीताईंच्या गाण्याच्या क्लासच्या त्या खोलीत आम्ही सात जण होतो. चौघी वहीत बंदिश उतरवत होत्या, ताई चहा गाळत होत्या. कोणाचीही मान वर झाली नाही. माझी झाली. मला असल्या गोष्टी कळतात, आणि हे मी हल्ली न लाजता सांगते. आठवीपर्यंत मी माझं नावसुद्धा लाजत सांगायचे. हजेरीला 'राही' असं पुकारलं की माझं 'हजर' पहिल्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. आता दहावी ब च्या वर्गाबाहेरून जाणाऱ्या शिपाईकाकांनाही ते ऐकू जातं. ते म्हणतात, "आली गो आमची रेडिओ."

"चढलाय रे," मी म्हटलं.

"हो?" शुभंकरनं पुन्हा एकदा वाजवून पाहिलं, जणू त्याला आत्ताच कळत होतं. "ऊन लागलं असेल. गॅलरीत ठेवलेला सकाळी."

आणि त्याने हातोडी काढून तबला उतरवायला घेतला. गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या वेणीवर, वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो, हे मला त्यानेच शिकवलं होतं. त्यानेच हेही शिकवलं होतं की उन्हानं चढलेला तबला कधी सगळीकडून सारखा चढत नाही. उन्हाच्या बाजूची घरं वर जातात, भिंतीच्या बाजूची मागे राहतात. तबल्याला कडेभोवती, वादीच्या पट्ट्यांमधली, अशी सोळा घरं असतात. तो एकेक घर वाजवत होता, उतरवत होता, पुढच्याकडे जात होता, आणि प्रत्येक घर उतरायच्या आधी तेच बोलत होतं. काळी चार. काळी चार. काळी चार. सोळाच्या सोळा. ऊन एवढं नीटनेटकं नसतं. हे कोणीतरी बसून, कान लावून, जीव लावून केलेलं काम होतं. मला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता, डिसेंबरातल्या संध्याकाळी, पंखा चालू असताना. मी गायले. बरी गायले, असं ताई म्हणाल्या. मला फक्त इतकंच आठवतं की मी सगळा वेळ त्या तबल्याच्या पुडीकडे, वरच्या चामड्याकडे, बघत होते, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाच्या अंगावर आपण न पाहिलेला नवीन शर्ट असावा.

कारण त्या तबल्याची एक गोष्ट होती आणि ती माझी होती, निदान मला तसं वाटायचं. क्लासमध्ये एक तबला आहेच, स्टीलच्या डग्ग्याचा, कायम काळी चारला लावलेला, सगळ्यांसाठी. हा दुसरा शुभंकरच्या आत्मारामआजोबांचा. आजोबा राजिवड्यापासून पावसपर्यंत भजनाला वाजवायचे. ते गेले आणि तबला खोळीत गेला. मी सातवी संपता संपता क्लासला आले तेव्हा काळी चारमध्येच गायचे. कोणी ठरवलं नव्हतं, तोंड उघडलं की आवाज तिथूनच निघायचा. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुझा आवाज वरच्या घरातला आहे गो." मग आठवीत शुभंकर आला. तो माझ्याच वर्गात होता, शेवटून दुसऱ्या बाकावर, आणि मला तोपर्यंत त्याचं अक्षर आणि त्याच्या मानेमागचा भोवरा एवढंच माहीत होतं. त्याने आजोबांचा तबला आणला आणि मला म्हणाला, "तुझ्या साथीला हा वाजवतो. पण हा पांढरी पाचच्या वर जाणार नाही. पुडी जुनी आहे, आजोबांच्या हातची. वर घेतला तर फाटेल." केवढ्या काळजीनं म्हणाला होता. एवढा काळजीचा आवाज मुलांना असतो हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग मीच येते खाली." आणि आले. अर्धा सूर म्हणजे काय हो? एक पायरीसुद्धा नाही. खाली गायला सोपं होतं, घसा दुखायचा नाही, वरचे सूर हात न उंचावता मिळायचे, फळी खाली आणून ठेवल्यासारखे. ताईंनी एकदा नाक मुरडलं, मग त्यांनाही सवय झाली. आणि त्या तबल्याचा नाद! तो स्टीलवाला तबला टेबलावर वाटी आपटल्यासारखा वाजतो. हा म्हणजे भरलेल्या विहिरीत कोणीतरी हळूच हाक मारावी. त्या हाकेला मी दोन वर्षं ओ देत होते.

आमचं काय होतं हे आम्ही कधी एकमेकांना सांगितलं नव्हतं. नाव दिलं नव्हतं. वर्गातल्या मुली द्यायच्या, मी त्यांना वही फेकून मारायचे आणि आतून खूश व्हायचे. शनिवारी क्लास सुटला की आम्ही मांडवीच्या जेट्टीवर जायचो, तो कठड्यावर बोटांनी तबल्याचे कायदे वाजवायचा, मी शेंगदाण्याची सालं वाऱ्यावर सोडायचे, होड्या आत यायच्या. मग तो सायकलवरून घरी जायचा, मी आई कंडक्टर असते त्या नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी एसटीनं शिरगावला, आणि पोचलो की तो मोबाइलवर एकच अक्षर पाठवायचा. 'धा.' म्हणजे समेवर आलो. मीही 'धा' पाठवायचे. बस. यात काय होतं ते मला विचारू नका, मी ते अक्षर वाचल्याशिवाय जेवायला बसायचे नाही एवढं मात्र खरं. आणि आता, त्या बुधवारी रात्रीचं जेवण वाढून झालं आणि मी मोबाइल उघडला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले दोन महिने त्याचा 'धा' येतच नाही. येतो तो 'पोचलो'. एकदा तर नुसता अंगठा. रोज बघत होते आणि दिसत नव्हतं. मी बोटानं मागे मागे सरकवत गेले. शेवटचा 'धा' दसऱ्याच्या आठवड्यातला होता.

दिशा ऑगस्टमध्ये आली होती. तिचे बाबा बँकेत, पुण्याहून बदली. मला ती आवडली हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ही जळते. ती हसताना आधी डोळे मिटते आणि मग हसते. ती आमच्या 'काय गो'ला 'काय गं' म्हणते, कोकमाचं सार तिनं पहिल्यांदा माझ्याकडे प्यायलं आणि तीन वाट्या प्यायली. आणि गाते एकदम बेस, सरळ, अंगात येऊ न देता. काळी चारमध्ये. तिच्या साथीला शुभंकर त्या स्टीलवाल्या तबल्यावर बसायचा, आणि मी खिडकीपाशी वही घेऊन ऐकायचे. आता त्या सगळ्या संध्याकाळी माझ्या डोक्यात उलट्या क्रमानं यायला लागल्या. शुभंकर हाताला साधी पावडर लावायचा, दिवाळीनंतर मोगऱ्याच्या वासाची आली. चपला धुतलेल्या. ज्या मुलानं दोन वर्षांत पावसाळ्यातही चपलांचा चिखल काढला नाही त्याच्या चपला! बोलताना मध्येच 'हो ना' म्हणायला लागला होता. आमच्या रत्नागिरीत 'हो ना' म्हणतं कोण? आम्ही 'तर काय' म्हणतो. हे सगळं आठवून मला हसू आलं, उशी तोंडावर घेऊन हसले, आणि हसता हसता एक गोष्ट आठवली जिला हसता येईना. माझ्या गाण्यात शुभंकर खूप वाजवतो. तुकडे, तिहाया, मध्येच अशी एक फिरत घेतो की ताई 'वा' म्हणतात, आणि मला वाटायचं, बघा, माझ्यासाठी किती वाजवतो. दिशाच्या गाण्यात तो काहीच वाजवत नाही. नुसता ठेका. पण तो ठेका ऐकत असतो. ती श्वास घेते तिथे त्याचा डग्गा श्वास घेतो. ती एखाद्या सुरावर थांबली की त्याचा हात असा अलगद होतो, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावताना होतो तसा. माझ्यासाठी तो वाजवत होता. तिच्यासाठी ऐकत होता. दोन वर्षं मी पहिल्याला दुसरं समजत होते.

आई एसटीत कंडक्टर आहे, रत्नागिरी–गणपतीपुळे, आरे-वारे मार्गे. बाबा बोटीवर असतात, वर्षातले आठ महिने. मी लहान असताना एकदा आईला विचारलं होतं की बाबा तिकडेच कोणाला तरी आवडले तर, किंवा बाबांना कोणी आवडली तर. टीव्हीवर काहीतरी बघितलं असणार. आई तिकिटाचं मशीन पुसत होती. तिनं रागावून बघितलं नाही, हसलीही नाही. म्हणाली, "अगो, उतरणारा माणूस मला दोन थांबे आधी कळतो. घंटी वाजवायला सांगतो नंतर. आधी बॅग मांडीवर घेतो, मग खिडकीतून पुढे बघायला लागतो, मागे नाही. मग चप्पल पायानं चाचपतो. तुझ्या बापसाची बॅग अजून वरच्या फळीवर आहे." तेव्हा मला ते फक्त बसबद्दल वाटलं होतं. आता, तबल्याच्या त्या आठवड्यात, मी शाळेत जाता-येता आईच्या बसमधली माणसं बघायला लागले आणि शपथ सांगते, खरं आहे. काळबादेवीला उतरणारे शिरगावलाच बॅग मांडीवर घेतात. त्यात वाईट असं काही नसतं. त्यांचा थांबा आलेला असतो. मला फक्त एवढंच कळेना, की शेजारी बसलेल्यानं काय करायचं असतं. खिडकीकडे सरकायचं, की आपणही उठायचं, की त्याची बॅग धरून ठेवायची.

धरून ठेवायचं मी करून बघितलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस त्याच्याशी जास्त गोड बोलले. तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभी राहून रागावायची तालीम केली, 'शुभंकर, मला तुझ्याशी बोलायचं आहे,' असं डोळे बारीक करून, आणि स्वतःचं तोंड बघून मलाच फसकन हसू फुटलं. रडलेही. पण रडणं दिशावर नव्हतं, शुभंकरवरही नव्हतं म्हणा. रडू यायचं ते त्या पुडीचं. म्हणजे फाटणार नव्हतीच की काय? दोन वर्षं मी ज्या पुडीला जपायला खाली बसून गायले, ती कोणासाठी तरी वर गेली आणि तिला काही झालं नाही. त्यानं मला फसवलं असतं तर बरं झालं असतं. त्याला तेव्हा खरंच भीती वाटत होती, मला माहीत आहे. म्हणजे दिशासाठीही वाटली असणार. पण भीती वाटत असतानाही त्यानं हातोडी उचलली. माझ्यासाठी उचलली नाही. एवढीशीच गोष्ट होती, अर्ध्या सुराएवढी.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी घरामागच्या सड्यावर गेले. तिथे नुसता कातळ, सुकलेलं पिवळं गवत, लांबवर समुद्राची एक रेघ. मोबाइलवर तानपुरा लावला, पांढरी पाचवर, आणि मग बोटानं एक घर पुढे सरकवला. काळी चार. मी सा लावला आणि लगेच घसा आवळला. दोन वर्षांत माझा आवाज बसून बसून जाडावला होता. ताईंनी आमच्यासाठी स्वतः बांधलेलं भूप रागातलं पद, पुढच्या आठवड्यातल्या शाळांच्या गाण्याच्या स्पर्धेत मी तेच म्हणणार होते. त्यात शेवटच्या ओळीत तार सप्तकातला गंधार आहे, त्यावर थांबायचं, चार मात्रा. पहिल्या दिवशी तो गंधार फाटला. असा फाटला की कातळावर चरणारी कोणाची तरी शेळी मान वर करून बघायला लागली. शनिवारी, जेट्टीवर जायच्या वेळेला, मी पुन्हा सड्यावर होते. पुन्हा फाटला. रविवारी सकाळी मी तो धरायला गेलेच नाही, नुसती त्याच्या दिशेनं गेले, आणि तो तिथे होता. जसं आपल्या जुन्या घरात अंधारात हात नेला तरी बटण सापडतं. चार मात्रा. मग आठ. माझ्या कानांच्या मागे, डोक्याच्या वरच्या हाडात, एक दार होतं जे मी आठवीत ओढून घेतलं होतं, आणि ते आता वाऱ्यानं धाडकन उघडलं होतं. मी एकटीच हसत होते. शेळी नव्हती आज, नाहीतर तिलाही मिठी मारली असती. पण हे मी कोणाला सांगितलं नाही. सड्यावर येणं वेगळं आणि स्टेजवर येणं वेगळं. ताईंना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच पट्टी बदलली असती, आणि मग फाटला तर? दहा शाळा, परीक्षक, शुभंकर शेजारी, दिशा समोर. मी ठरवलं, पांढरी पाचच. नेहमीसारखं. सुखरूप.

स्पर्धा त्याच्या पुढच्या शनिवारी, गावातल्याच एका शाळेच्या सभागृहात. चिठ्ठ्या टाकून नंबर आले, दिशाचा सातवा, माझा आठवा. आमच्या क्लासला पेटीवर ताई, तबल्यावर शुभंकर. तो आला आणि त्याच्या खांद्याला एकच खोळ होती.

"क्लासचा तबला कुठाय?" ताईंनी विचारलं.

"राहिला," शुभंकर म्हणाला. "दोघींना एकच पुरेल. मध्ये उतरवतो."

ताईंनी त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. मी त्या खोळीकडे. ती उघडायच्या आधीच मला माहीत होतं तो कुठल्या सुरात असेल. एखाद्याच्या खिशात कोणाचं पत्र आहे हे पाकीट न उघडता कळावं तसं.

दिशा गायली. मी विंगेत उभी होते, पडद्याला जुन्या कापडाचा आणि उंदराच्या गोळ्यांचा वास होता. ती खरंच सुंदर गायली. पण मी तिला बघत नव्हते, आणि गंमत म्हणजे शुभंकरच्या तोंडाकडेही बघत नव्हते. त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते. डग्ग्यावर तळवा कसा सरकत होता. आजोबांच्या तबल्याचा तो विहिरीतला नाद, अर्धा सूर वर, आणखी स्वच्छ झालेला, आणखी चांगला. हेच सगळ्यात अवघड होतं, की तो तिथे जास्त चांगला वाजत होता. एका जागी दिशाचा सूर किंचित हलला, तर त्यानं ठेका असा काही सावरून धरला की लोकांना ते मुद्दाम केलं असं वाटलं. आणि मग, खरं सांगते, वाहवा आली. माझ्या तोंडून. 'क्या बात है' असं मी विंगेत म्हणून गेले. शेजारी नंबर नऊची मुलगी होती, ती म्हणाली, "तुझी मैत्रीण?" मी म्हटलं, "दोघंही."

मग माझं नाव पुकारलं. मी बसले, मोबाइल माइकपाशी ठेवला. शुभंकरनं घाईघाईनं हातोडी काढली. सूत्रसंचालन करणारे सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "चला, दोन मिनिटं." त्यानं गजऱ्याखालून पहिला ठोका मारला, घर थोडं जास्तच उतरलं, वर घ्यायला गेला, तर जास्त चढलं. समोर लोक खोकायला लागले. आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते आणि माझ्या मनात, अगदी शांतपणे, आईच्या बसमधल्या घंटीसारखं काहीतरी वाजलं. हा पुन्हा खाली येतोय. माझ्यासाठी. मीच याला दोन वर्षांपूर्वी शिकवलं की राही म्हणजे खाली यायचं.

"राहू दे," मी म्हटलं.

"काय?"

"हातोडी ठेव. ते एक घर परत वर घे. काळी चार."

"वेडी आहेस काय?" तो कुजबुजला, माइक वाचवून. "तार गंधार आहे गो तुझा. आवाज फाटेल."

अगदी तोच काळजीचा आवाज. आठवीतला. माझ्या मनात त्याच्याबद्दल एवढी माया दाटून आली की मला भीती वाटली मी तिथेच रडेन.

"तुझी पुडी फाटली का?" मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी, नीट. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यानं मान खाली घालून ते एक घर वर घेतलं, दोन ठोक्यांत, बिनचूक. मी तानपुरा पुढे सरकवला. ताईंनी मला काही विचारलं नाही. त्यांची बोटं पेटीवर एक पट्टी उजवीकडे गेली आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी याआधी फक्त एकदा बघितलं होतं, सातवीत, पहिल्या दिवशी.

पद मी कसं म्हटलं ते मला पूर्ण आठवत नाही. तुकडे आठवतात. पहिला सा लागला तेव्हा बसल्या जागी उंची वाढल्यासारखी वाटली. अंतऱ्याला शुभंकरनं सवयीनं एक तुकडा घेतला आणि मी त्याच्यासाठी थांबले नाही, पुढे गेले, तो धावत मागून आला आणि समेवर त्यानं मला गाठलं. इतके दिवस मी समेवर त्याच्याकडे बघायचे. आज समोर बघितलं, तिथे एक आजोबा डोळे मिटून मान हलवत होते. आणि मग तो गंधार. त्याच्या आधीचा श्वास घेताना मला कळलं की शुभंकरनं हात हलका केला आहे. नुसता ठेका. तो ऐकत होता. आत्ता, पहिल्यांदा, माझंही. आणि मला त्याची गरज नव्हती, हे कळायला तोच क्षण मिळाला. मी वर गेले. चार मात्रांच्या सहा झाल्या, मग आठ, कोणी मोजल्या असतील त्यांना ठाऊक. काही फाटलं नाही.

नंतर मागच्या जिन्यावर तो तबला खोळीत घालत होता. दिशा धावत येऊन मला बिलगली, "अगं राही, काळी चार? कधी ठरवलंस? मला का नाही सांगितलंस!" आणि डोळे मिटून हसली, आणि तिला हाक आली म्हणून गेली. तिला काही माहीत नव्हतं. ते मला तिच्या हसण्यावरून कळलं आणि बरं वाटलं.

"चिडलीस?" शुभंकरनं विचारलं.

"कधीपासून लावतोस तो काळी चारला?"

त्यानं खोळीची नाडी दोनदा बांधली, दोनदा सोडली. "दसऱ्यापासून. ती म्हणाली, या तबल्याचा नाद गोड आहे, ऐकवशील का. एकदम नाही चढवला. रोज थोडा थोडा. चार दिवस लागले."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. रोज वाटायची." मग म्हणाला, "तुला खोटं नव्हतो बोललो गो तेव्हा. खरंच वाटलेलं फाटेल."

"माहीत आहे मला."

चार दिवस. रोज थोडा थोडा. ते माझ्यात कुठेतरी जाऊन बसलं, बसू दे. मी म्हटलं, "आवडते ना तुला?"

बॅग मांडीवर होती त्याची, म्हणजे तबला. दोन्ही हातांनी धरलेला.

"तिला सांग मग. मला सांगायचं राहू दे, मला सोळा घरांनी सांगितलंय."

"आणि आपलं?"

हे त्यानं एवढ्या लहान आवाजात विचारलं, की मला माझं सातवीतलं 'हजर' आठवलं. मी त्याला मारूही शकले असते आणि जवळही घेऊ शकले असते, आणि मी दोन्हींपैकी काही केलं नाही. म्हटलं, "तू साथ चांगली करतोस, शुभंकर. पुढच्या वेळी बसायचं असेल तर निघायच्या आधी मला विचारून ये, राही कुठल्या पट्टीत गाणार आहे ते. मी आता तुझ्या तबल्याला विचारणार नाही." आणि जिना उतरले. पायऱ्या सगळ्या जागेवर होत्या. शेवटच्या पायरीवर डोळ्यांत पाणी आलं, ते मी बाहीला पुसलं आणि चालत राहिले, आणि खरंच सांगते, त्या पाण्यासकट मी स्वतःला फार आवडले.

निकाल पाचला लागणार होता. ताईंना म्हटलं, तुम्ही कळवा, आणि स्टँडवर येऊन आईची बस गाठली. आईनं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, तिकिटाचं मशीन खटखटवलं, स्वतःच्या मुलीला शिरगावचं तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेली. तिचं बघणं एवढंच असतं, पण पुरतं. शिरगाव आलं. माणसं उतरली. आई पुढच्या दारातून ओरडली, "उतर गो, थांबा आला."

"नाही उतरत. पुळ्यापर्यंत येते. पुढचं तिकीट दे."

"कशाला?"

"असंच. माझी बॅग वर आहे."

आईनं मशीन काढलं आणि तोंड दुसरीकडे वळवून हसली. काळबादेवीच्या पुढे रस्ता चढायला लागला, खाली समुद्र उन्हात पांढरा झाला होता. मी मोबाइल कानाशी धरून तानपुरा लावला, काळी चारवर. थोडा वेळ नुसता ऐकला. मग, कोणी सांगितलं नव्हतं तरी, बोट पुढे सरकवलं. पांढरी सहा. बघू तरी, आणखी काय काय उघडतंय. ओठ मिटून हळूच सूर धरला. मागच्या सीटवर नेवऱ्याच्या सोनूबाई बसल्या होत्या, मासे विकून रिकामी पाटी पायाशी घेऊन. आईच्या बसच्या रोजच्या. त्यांनी माझ्या खांद्याला बोटानं ढोसलं.

"काय गो, तोंडातल्या तोंडात काय म्हनतंस? आमाला काय कान नायत? म्हनायचा तर मोठ्यान म्हन."

मी मागे वळून बघितलं. त्या खरंच वाट बघत होत्या. आईनं घंटीची दोरी दोनदा ओढली, बस वळणावरून बाहेर आली, आणि मी तोंड उघडलं.